टिपणवहीपासून संदर्भसूचीपर्यंत: विद्यार्थ्यांनी वाङ्मयचौर्य कसे टाळावे

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि लघुप्रबंधांत जी उचलेगिरी आढळते, तिचा बराच मोठा भाग लबाडीतून आलेला नसतो, असे माझे मत आहे. ग्रंथालयात बसून एखादा परिच्छेद वहीत उतरवून घेतलेला असतो, तो कोणाचा आणि कोणत्या पानावरचा हे लिहायचे राहून गेलेले असते, आणि काही आठवड्यांनी वही उघडल्यावर तो परिच्छेद स्वतःचाच वाटू लागतो. म्हणजे चूक टिपणे काढताना झालेली असते आणि ती उघडकीस येते प्रबंध तपासताना. म्हणूनच या लेखात संदर्भ लिहिण्याच्या शैलींपेक्षा टिपणे कशी काढावीत आणि दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत कसा मांडावा, याला अधिक जागा दिली आहे. स्वल्पविराम कुठे द्यावा हे कोणतीही नियमपुस्तिका सांगते. कोणते वाक्य कोणाचे, हे मात्र लिहिणाऱ्यालाच सांगता येते.

नियम काय म्हणतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटीविषयीची आणि वाङ्मयचौर्य रोखण्याविषयीची विनियमावली लागू केली. तिच्यात इतरांच्या लेखनाशी आढळलेल्या साम्याच्या प्रमाणानुसार चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यासाठी दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सुधारित लेखन सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले, तर ती पदवी ठरावीक काळासाठी स्थगित ठेवण्याची तरतूदही आहे.

ही विनियमावली पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध, ग्रंथ अशा लेखनाला लागू होते. वर्गातल्या असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका तिने स्पष्टपणे वगळल्या आहेत. यावरून पदवीच्या वर्षांत मोकळीक आहे असे काहीजण समजतात. तसे नाही, कारण तिथे महाविद्यालयाचे स्वतःचे नियम असतात. आणि पदवीच्या तीन वर्षांत जडलेली कॉपी-पेस्टची सवय एमएच्या लघुप्रबंधाला बसल्यावर आपोआप सुटत नाही.

आणखी एक गल्लत इथेच दूर केलेली बरी. स्वामित्वहक्क आणि श्रेयनिर्देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या साहित्यावरील स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे महात्मा फुले यांचे लेखन कोणीही छापू शकतो. पण त्यांचे वाक्य त्यांचे नाव न घेता प्रबंधात घालता येत नाही. श्रेय देण्याच्या जबाबदारीला मुदत नसते.

पहिली पायरी: टिपण काढतानाच मालकी नोंदवा

पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा मुखपृष्ठ नव्हे, तर शीर्षकपान आणि त्यामागचे श्रेयपान पाहावे. लेखक, संपादक किंवा अनुवादक, पुस्तकाचे पूर्ण नाव, प्रकाशक, गाव, प्रथमावृत्तीचे वर्ष आणि आपल्या हातातल्या आवृत्तीचे वर्ष एवढे टिपणाच्या माथ्यावर लिहावे. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा फक्त शके दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौषानंतरच्या महिन्यांसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. पुस्तकाची झेरॉक्स काढत असाल, तर श्रेयपानाचीही झेरॉक्स काढावी. मधल्याच प्रकरणाची पाने हाती राहतात आणि पुस्तक कोणते हे शेवटच्या आठवड्यात शोधत बसावे लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

त्यानंतर टिपणात तीन प्रकारचा मजकूर वेगळा दिसेल अशी व्यवस्था करावी. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील, तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे घालून शेजारी पृष्ठांक लिहावा. लेखकाचा मुद्दा आपल्या शब्दांत लिहिला असेल, तर अवतरणचिन्हे नकोत, पण पृष्ठांक हवाच. वाचताना आपल्या मनात आलेला प्रश्न किंवा मतभेद असेल, तर त्यापुढे ‘माझे’ असे लिहावे किंवा तो वेगळ्या शाईने लिहावा. संगणकावर टिपणे काढणाऱ्यांनी तीन रंग वापरावेत. ‘नंतर चिन्हे घालू’ असे म्हणून सोडलेले अवतरण सहसा पुन्हा सापडत नाही, कारण चांगले लिहिलेले वाक्य आपल्या मजकुरात फार लवकर मिसळून जाते.

संकेतस्थळावरून काही घेताना पत्ता, लेखकाचे नाव आणि पाहिल्याचा दिनांक लगेच नोंदवावा. मराठी विश्वकोशाच्या नोंदींबाबत एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते: विश्वकोशातील बहुतेक नोंदींच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव छापलेले असते. संदर्भ देताना ‘मराठी विश्वकोश’ एवढेच लिहून भागत नाही. नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक आणि खंड हे सर्व यायला हवे.

दुसरी पायरी: कशाला संदर्भ द्यायचा आणि कशाला नाही

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, या विधानाला कोणी संदर्भ मागणार नाही, कारण ते कोणा एकाचे नाही. राज्यनिर्मितीनंतर मराठी कादंबरीतील ग्रामजीवनाचे चित्रण बदलले, या विधानाला मात्र संदर्भ लागतो, कारण ते कोणाचे तरी निरीक्षण आहे. आणि ते तुमचे स्वतःचे असेल, तर पुरावा लागतो. आकडेवारी, अर्थनिर्णयन, वर्गीकरण, व्याख्या, नकाशा, तक्ता, छायाचित्र, मुलाखतीतले उद्गार या सर्वांना संदर्भ द्यावा. एखाद्या लेखकाने आपल्या विषयाची पाच टप्प्यांत मांडणी केली असेल आणि तुम्ही तेच पाच टप्पे त्याच क्रमाने वापरले, तर एकही शब्द उचललेला नसला तरी मांडणी उचललेली असते. तिचेही श्रेय द्यावे. शंका आली तर संदर्भ द्यावा. जादा संदर्भ दिल्याबद्दल कोणाचा प्रबंध परत आल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी पायरी: आपल्या शब्दांत लिहिणे म्हणजे नेमके काय

बहुतेकांचे पाऊल इथे घसरते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. पुढील उतारा नमुन्यासाठी मी रचलेला आहे. तो ‘अबक’ या लेखकाच्या २०१४ सालच्या पुस्तकात पृष्ठ ३७ वर आहे असे धरू.

‘१९७२च्या दुष्काळात राज्याने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. मजुरांना गावाजवळ काम मिळाल्यामुळे शहरांकडे जाणारा लोंढा काही अंशी थोपवला गेला. याच अनुभवातून कामाच्या हक्काची कल्पना कायद्यात उतरली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला.’

आता विद्यार्थी जे लिहितो ते पाहा: ‘सन १९७२मधील अवर्षणकाळात शासनाने व्यापक प्रमाणावर दुष्काळी कामे सुरू केली. कामगारांना गावानजीक रोजगार मिळाल्याने नगरांकडे जाणारा ओघ काही प्रमाणात रोखला गेला. याच अनुभवातून रोजगाराच्या अधिकाराची संकल्पना कायद्यात आली व १९७७मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला.’

शब्द बदलले आहेत, पण वाक्यांची संख्या, क्रम, जोडणी आणि विचाराचा ओघ अबक यांचाच आहे. लोंढ्याचा ओघ झाला आणि मजुरांचे कामगार झाले, एवढाच काय तो फरक. उलट दुष्काळी कामांवरच्या मजुराला कामगार म्हटल्यामुळे अर्थही बिघडला. या परिच्छेदाच्या शेवटी ‘(अबक, २०१४)’ असे लिहिले तरी दोष जात नाही, कारण विचार अबक यांचा पण वाक्ये माझी, असा चुकीचा समज त्यातून होतो.

योग्य पद्धत अशी. उतारा दोनदा वाचावा, पुस्तक मिटावे, आणि आपल्या प्रकरणाला त्यातले नेमके काय हवे आहे ते स्वतःला विचारून मगच लिहावे: ‘रोजगार हमी कायद्याची पाळेमुळे १९७२च्या दुष्काळी कामांत शोधताना अबक त्या कामांच्या एका परिणामावर बोट ठेवतात. काम गावाजवळच मिळाल्यामुळे स्थलांतर काहीसे आटोक्यात राहिले, असे त्यांचे म्हणणे आहे (अबक, २०१४, पृ. ३७). कायदा संमत झाला १९७७ साली आणि अमलात आला १९७९ साली. त्यामुळे हा परिणाम कायद्याचा नव्हे, तर कायद्यापूर्वीच्या दुष्काळी कामांचा मानावा लागेल.’

इथे तीन गोष्टी घडल्या आहेत. अबक यांचे म्हणणे कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे वाचणाऱ्याला दिसते. लेखनाची रचना विद्यार्थ्याच्या गरजेतून आलेली आहे. आणि शेवटच्या वाक्यात त्याने स्वतःचा तर्क मांडला आहे. कायदा १९७९ साली अमलात आला ही माहिती अबक यांच्या उताऱ्यात नाही, म्हणून तिचा आधार वेगळा द्यावा लागेल. लिहून झाल्यावर मूळ उतारा पुन्हा उघडून ताडून पाहावे, कारण स्मरणशक्ती चांगली असणाऱ्यांच्या हातून मूळ शब्दयोजना नकळत परत येते.

चौथी पायरी: अवतरण

लेखकाचे शब्दच महत्त्वाचे असतील, म्हणजे त्यांची चिकित्सा करायची असेल, ते वादग्रस्त असतील किंवा त्यांत विशेष नेमकेपणा असेल, तरच अवतरण द्यावे. छोटे अवतरण ओळीतच अवतरणचिन्हांत येते. मोठे अवतरण वेगळ्या परिच्छेदात, समासापासून आत सरकवून आणि चिन्हांशिवाय दिले जाते. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबे, आपण शब्द घातला तर चौकटी कंस, आणि ठळक केले तर ‘ठसा माझा’ अशी कबुली हवी.

मराठीत याला एक वेगळी अडचण आहे. शासनाने १९६२ साली नवे लेखननियम स्वीकारण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांत’ अशी अनुस्वारयुक्त रूपे असतात. अवतरण टंकताना ती ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा आणि मूळ लेखन तसेच ठेवावे. आपला टंकलेखक किंवा संगणकाचा शुद्धिचिकित्सक ती गुपचूप बदलून टाकतो, म्हणून शेवटच्या प्रुफात अवतरणे मूळ पानाशी पुन्हा ताडावीत.

संतसाहित्याच्या बाबतीत पृष्ठांकापेक्षा अध्याय आणि ओवी, किंवा अभंगक्रमांक देण्याची प्रथा आहे. परंतु तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा कोणती प्रत वापरली हे एकदा स्पष्ट सांगितल्याशिवाय नुसत्या क्रमांकाला अर्थ नाही.

भाषांतर आणि उसना संदर्भ

इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणून आपल्या नावावर लिहिणे हेही वाङ्मयचौर्यच आहे. मराठी माध्यमात हा प्रकार सर्वाधिक चालतो, कारण साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तो सहज हाती लागत नाही, आणि अनुवादाला श्रम पडल्यामुळे विद्यार्थ्याला तो मजकूर मनापासून स्वतःचा वाटतो. अनुवादाचे श्रेय जरूर घ्यावे: अवतरणापुढे मूळ लेखकाचा संदर्भ द्यावा आणि ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असे नोंदवावे. दुसऱ्याने केलेला अनुवाद वापरला असेल, तर अनुवादकाचे नाव द्यावे.

दुसरा प्रकार उसन्या संदर्भाचा. एखाद्या समीक्षाग्रंथात फुले यांचे वाक्य उद्धृत केलेले असते; विद्यार्थी ते तिथून घेतो आणि संदर्भ मात्र थेट ‘गुलामगिरी’चा देतो. शक्य असेल तर मूळ पुस्तकच उघडावे. ते मिळाले नाही, तर ‘फुले यांचे वाक्य, उद्धृत, अमुक लेखक, वर्ष, पृष्ठ’ असे प्रामाणिकपणे लिहावे. मधल्या लेखकाची चूक तुमच्या माथी येऊ नये, एवढ्यासाठी तरी हे आवश्यक आहे.

संदर्भाची रचना

शैली कोणती वापरायची हे विद्यापीठ किंवा मार्गदर्शक ठरवतात. समाजशास्त्रे आणि शिक्षणशास्त्रात एपीए, भाषा-साहित्यात एमएलए, इतिहासात शिकागो पद्धतीच्या तळटिपा अशी साधारण विभागणी आहे. मराठी प्रबंधांत तळटीप किंवा प्रकरणाअखेर टीप देऊन पुढच्या उल्लेखासाठी ‘तत्रैव’ (लगेच आधीच्या टिपेतलेच पुस्तक) आणि ‘उनि’ (त्यापूर्वी कुठेतरी उल्लेखलेले पुस्तक) लिहिण्याची जुनी रीत अजून चालू आहे. तिच्यात धोका एवढाच की मसुद्यात मध्येच नवी तळटीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. कच्च्या मसुद्यात पूर्ण संदर्भच ठेवावा आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटी करावे.

एका उदाहरणातून बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतील. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली, पण आज बहुतेकजण ती ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथातून वाचतात. १९६९ची आवृत्ती वापरली असेल, तर एपीएच्या धर्तीवर नोंद अशी होईल: फुले, जोतीराव. (१९६९). गुलामगिरी. समाविष्ट: धनंजय कीर व स. गं. मालशे (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३). मजकुरात ‘(फुले, १८७३/१९६९)’ असे लिहून पुढे पृष्ठांक द्यावा. याच ग्रंथाची पुढची सुधारित आवृत्ती य. दि. फडके यांनी संपादित केली आहे आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांत पृष्ठांक तेच राहतील याची खात्री धरता येत नाही. म्हणून हातात असलेलीच आवृत्ती सांगावी.

वृत्तपत्राला दिनांक आणि पृष्ठ, शासन निर्णयाला विभाग, क्रमांक आणि दिनांक, अप्रकाशित प्रबंधाला विद्यापीठ आणि वर्ष द्यावे. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, लोककथा अशी सामग्री स्वतः गोळा केली असेल, तर सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन तिचे नाव, गाव आणि ध्वनिमुद्रणाचा दिनांक नोंदवावा. छापील लेखकाला पृष्ठांकासह मान द्यायचा आणि ओवी गाणाऱ्या बाईला ‘एक वृद्ध स्त्री’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची रीत मला अत्यंत अन्यायाची वाटते. नाव नको असे तिनेच सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी.

सूचीत आडनाव आधी येते, मात्र टोपणनावाने छापलेले पुस्तक त्याच नावाखाली नोंदवावे: कुसुमाग्रजांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नोंदीत येईल, ‘शिरवाडकर’ या नोंदीत नाही. ज्ञानेश्वर, जनाबाई यांना आडनावाच्या साच्यात कोंबू नये. सूची संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतल्यास ती एकदा डोळ्यांखालून घालावी. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. ‘क्षीरसागर’ हे आडनाव संगणक ‘क’मध्ये घालतो, तर अनेक मराठी सूचींत ते शेवटी असते. दोन्हींपैकी एक पद्धत ठरवून ती सर्वत्र पाळावी. झोटेरोसारखे मोफत साधन नोंदी सांभाळायला उत्तम आहे, पण त्याने तयार केलेल्या सूचीत मराठी नावांपुढे इंग्रजी ‘संपादक’ आणि ‘पृष्ठ’ यांची लघुरूपे उमटतात. ती हाताने बदलावी लागतात.

साम्य अहवाल कसा वाचावा

विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधशुद्धी उपक्रमातून २०१९पासून विद्यापीठांना साम्यशोधक सॉफ्टवेअर उपलब्ध होऊ लागले, तेव्हापासून ‘माझे किती टक्के आले?’ हा प्रश्न प्रबंधाच्या विषयापेक्षा महत्त्वाचा झाला आहे. सॉफ्टवेअर साम्य दाखवते. चौर्य आहे की नाही हे माणसाने ठरवायचे असते. योग्य श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित सूत्रे आणि १४ सलग शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य विनियमावलीने वगळलेले आहे. म्हणून अहवालातील प्रत्येक रंगवलेली ओळ उघडून पाहावी: तिथे चिन्हे राहिली आहेत का, संदर्भ राहिला आहे का, की ते नुसतेच संस्थेचे लांबलचक नाव आहे.

कमी टक्के म्हणजे निर्दोष असेही नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि जी जुनी पुस्तके संगणकावर आलेलीच नाहीत त्यांच्याशी तुलना होणार तरी कशी? पण अशा पुस्तकातला उतारा परीक्षकाला पाठ असू शकतो. टक्के खाली आणण्यासाठी प्रत्येक तिसरा शब्द बदलणारी दुकाने विद्यापीठांभोवती निघाली आहेत. त्यातून येणारे मराठी वाचवत नाही आणि दोषही तसाच राहतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत पहिला नियम म्हणजे आपल्या विभागाचे धोरण आधी विचारणे. परवानगी असेल, तर कशासाठी वापर केला ते नमूद करावे. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी सुचवलेला कोणताही संदर्भ ग्रंथालयात किंवा मूळ संकेतस्थळावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सूचीत घेऊ नये, कारण ती साधने खऱ्या लेखकाच्या नावावर अस्तित्वात नसलेले पुस्तक बेधडक रचून देतात. स्वतःचा आधीचा शोधनिबंध प्रबंधात वापरतानाही तो कुठे प्रसिद्ध झाला ते सांगावे लागते.

सादर करण्यापूर्वी दोन छापील प्रती घेऊन बसावे, एक मजकुराची आणि एक सूचीची. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत सापडला की दोन्हीकडे खूण करावी. शेवटी सूचीत खुणेविना राहिलेली पुस्तके बहुधा शोभेपुरती घातलेली असतात, ती काढून टाकावीत. आणि मजकुरात खुणेविना राहिलेल्या संदर्भांसाठी टिपणवही पुन्हा उघडावी.